नारेगावचं फाटक बंद झालं, त्यानंतर

१६ फेब्रुवारी २०१८ रोजी औरंगाबाद शहरातला कचरा भरून निघालेल्या गाड्या नारेगावच्या डेपोत शिरल्या नाहीत. नारेगाव, मांडकी आणि आसपासच्या गावांतली माणसं रस्त्यावर बसली होती. तीसेक वर्षं त्यांच्या शिवारालगत शहराचा कचरा येऊन पडत होता. आंदोलनं आधीही झाली होती, प्रत्येक वेळी मुदत मागितली गेली, गावांनी ती दिली आणि ती संपली. या वेळी त्यांनी एकही गाडी आत जाऊ दिली नाही.

शहराचं नाव आज छत्रपती संभाजीनगर आहे. नाव बदललं तरी ही गोष्ट निघाली की लोक अजून ‘कचराकोंडी’ एवढंच म्हणतात, साल सांगावं लागत नाही.

मी इथे पर्यावरणशास्त्र शिकवतो. त्या वर्षापर्यंत घनकचऱ्याचा धडा मी दोन तासांत उरकत असे. मिथेन, खत, पुनर्वापर, संपलं. त्यानंतर त्याला दोन तास पुरेनात. म्हणून हे प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे. मला पडलेला प्रश्न मात्र ‘कचरा कुठे टाकायचा’ हा नाही. त्यावर वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून आलं आहे. कचरा हवेविना कुजला की त्यातून मिथेन हा पृथ्वी तापवणारा वायू निघतो. फाटक बंद झाल्याने हवेत जाणारा हा वायू किती कमी झाला आणि झाला नसेल तर का, हे मला पाहायचं आहे.

ते दिवस

शहरात रोज चारशे टनांच्या आसपास कचरा निघायचा आणि तो जाण्याची जागा एका सकाळी नाहीशी झाली. पहिले चार दिवस कोणाला फारसं काही वाटलं नाही. आठवड्याने चौकाचौकांत ढीग दिसू लागले, दुभाजकांवर, शाळांच्या भिंतींना लागून. मग लोकांनी ते पेटवायला सुरुवात केली. संध्याकाळी फिरायला निघालं की प्लास्टिक जळाल्याचा तो गोडसर, घशात अडकणारा वास यायचा. मार्चच्या सुरुवातीला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नारेगावात कचरा टाकायला मनाई केली. पालिका इतर जागा शोधत हिंडू लागली आणि जिथे गाडी गेली तिथे विरोध झाला. ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक, जाळपोळ आणि लाठीमार झाला. त्याच महिन्यात पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आलं आणि पालिका आयुक्तांची बदली झाली.

गावकऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, कारण शहरात त्या काळात त्यांच्याबद्दल बरंच वाईट बोललं गेलं. ‘आमच्या दारात नको’ असं ते म्हणत होते हे खरं. पण तो कचरा त्यांच्या दारातला नव्हताच. मराठवाड्याचा खडक बेसॉल्ट. वरचा मुरूम आणि खालच्या भेगा यांतच इथलं भूजल साठतं. डेपोच्या पोटातून झिरपणारं काळं पाणी एकदा भेगेत शिरलं की ते कोणत्या विहिरीत निघेल याचा नेम नाही. विहीर बाटली की शेतकऱ्याला टँकर परवडत नाही आणि जागा सोडून जाणंही जमत नाही. त्यांच्या निवेदनांत मिथेनचा शब्दही नसेल. वास, माश्या, मोकाट कुत्री आणि पाणी एवढंच ते सांगत होते.

फळ्यावरचं गणित

हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीने, म्हणजे आयपीसीसीने, कचऱ्यातून निघणारा मिथेन मोजायची एक पद्धत दिली आहे. ती किचकट दिसते, पण तिचा गाभा सातवीच्या मुलालाही जमेल. मी वर्गात ती अशी करून दाखवतो.

स्वयंपाकघरातला एक टन ओला कचरा घ्या. त्यात कुजू शकणारा कार्बन साधारण १५ टक्के, म्हणजे १५० किलो. त्यातला निम्माच प्रत्यक्षात कुजून वायू होतो, ७५ किलो. डेपो पाच मीटरहून उंच आणि बेशिस्त असेल, तर त्यातला ८० टक्के भाग हवा न लागता कुजतो असं धरतात, ६० किलो. हवेविना कुजताना निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन, म्हणजे ३० किलो कार्बन मिथेनच्या रूपात. कार्बनचं वजन मिथेनच्या वजनात बदलायला चार-तृतीयांशाने गुणायचं, झाले ४० किलो.

एक टन ओल्या कचऱ्यामागे चाळीस किलो मिथेन. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबात ऐंशी पटींच्याही वर. २८ धरले तरी एका टन ओल्या कचऱ्यामागचा हा ताप अकराशे किलो कार्बन डायऑक्साइडच्या पुढे जातो. शहराच्या चारशे टनांतला निम्मा कचरा ओला धरला, तर एका दिवसाच्या कचऱ्याच्या पोटात सुमारे २२४ टन कार्बन डायऑक्साइडइतका ताप दडलेला असतो. रोज ८० हजार लिटरपेक्षा जास्त डिझेल जाळल्यासारखा. फरक इतकाच की डिझेल त्याच दिवशी जळतं आणि कचऱ्यातला वायू वर्षानुवर्षं हळूहळू निघत राहतो.

किती वर्षं, हे ऐकून वर्ग गप्प होतो. उष्ण आणि भरपूर पावसाच्या प्रदेशात डेपोतलं अन्न निम्मं कुजायला दोनेक वर्षं पुरतात. वर्षाला हजार मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असलेल्या उष्ण प्रदेशात, म्हणजे आपल्यासारख्या ठिकाणी, त्याच कामाला आठेक वर्षं लागतात. ओल कमी, म्हणून कुजणं संथ. वायू कमी निघतो असं नाही, तो उशिरा आणि लांबत निघतो. या हिशेबाने फेब्रुवारी २०१८मध्ये नारेगावात उतरलेल्या शेवटच्या गाडीतल्या शिळ्या भाताचा निम्मा मिथेन २०२६ सालीही बाहेर पडायचा बाकी राहतो, मध्ये कोणी तो ढीग उकरून त्याला हवा दिली नाही तर.

गणिताचा दुसरा भाग शहराला फारसा आवडणार नाही. पाच मीटरपेक्षा कमी उंचीच्या विस्कळीत ढिगात ८० टक्क्यांऐवजी ४० टक्के धरतात. म्हणजे चौकातला तो घाणेरडा, सगळ्यांना नकोसा ढीग मिथेनच्या बाबतीत नारेगावच्या डोंगरापेक्षा निम्माच दोषी होता. रोगराई, उंदीर आणि जाळपोळीचा धूर यांचा हिशेब निराळा आणि तो भयानकच होता, कोंडीचं समर्थन कोणी करणार नाही. पण शहर ‘स्वच्छ’ दिसत होतं त्या सगळ्या वर्षांत ते हवामानाच्या दृष्टीने जास्त घाण करत होतं, हे मान्य करायला हवं. कचरा नजरेआड नेऊन उंच रचला की त्याची हवा तुटते, आणि मिथेन तिथूनच सुरू होतो.

खताच्या खड्ड्यात, हवा खेळती असेल तर, त्याच एका टनातून चारेक किलो मिथेन आणि थोडा नायट्रस ऑक्साइड निघतो. दोन्ही मिळून पावणेदोनशे किलोंच्या आसपास कार्बन डायऑक्साइडइतका ताप. अकराशे आणि पावणेदोनशे. सगळी बचत या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे.

यंत्रं आली

कोंडीच्या काळात वॉर्डावॉर्डांत खड्डे खणले गेले. ओला कचरा त्यात टाकायचा, वर जिवाणूंचं द्रावण फवारायचं. काही ठिकाणी खड्डे चालले, बऱ्याच ठिकाणी मिश्र कचऱ्याने भरून बुजले. राज्य सरकारने प्रक्रिया केंद्रांसाठी पैसे दिले. चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी अशा चार दिशांना जागा ठरल्या. पुढच्या काही वर्षांत चिकलठाणा आणि पडेगाव इथे प्रत्येकी दीडशे टन क्षमतेची केंद्रं आणि कांचनवाडीत तीस टनांचा बायोगॅस प्रकल्प उभा राहिला. एकच डेपो, एकच गाव, हा जुना खाक्या मोडला आणि कचऱ्याचा भार चार दिशांना वाटला गेला. हे कोंडीचं फलित आहे. संकट आलं नसतं तर ते झालं असतं असं मला वाटत नाही.

बायोगॅसचं तंत्र ऐकायला गोड आहे. एक टन स्वच्छ ओल्या कचऱ्यातून ८० ते १०० घनमीटर वायू मिळतो आणि एका घनमीटरातून दीड-दोन युनिट वीज. जो मिथेन डेपोतून हवेत गेला असता तोच टाकीत कोंडून जाळायचा. कागदावर याहून चांगला उपाय नाही.

अडचण ‘स्वच्छ’ या शब्दात आहे. बायोगॅसची टाकी म्हणजे गाईचं पोट समजा. त्यात नारळाची करवंटी चालत नाही, हाडं चालत नाहीत, हारांचे दोरे पंपात गुंडाळले जातात, आणि कॅरीबॅग तर वरच तरंगून साय धरल्यासारखी बसते. खताच्या केंद्रालाही थोड्याफार फरकाने हेच लागू. मिश्र कचरा चाळून खत केलं की त्यात काचेचे आणि प्लास्टिकचे बारीक तुकडे राहतात. महाराष्ट्र शासनाने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ या नावाने शहरांच्या खताला ओळख दिली, पण शेतकरी नाव बघून खत घेत नाही. तो मूठभर हातात घेतो, चोळतो आणि तळव्याला काच लागली की गोणी परत करतो. त्याचं बरोबरच आहे.

त्यात पैसे देण्याची पद्धत. जिथे ठेकेदाराला उचललेल्या कचऱ्याच्या टनामागे पैसे मिळतात, तिथे कचरा जड असणं हे त्याच्या फायद्याचं असतं. ओला, मातीमिश्रित, पावसात भिजलेला. एखाद्या सोसायटीने आपला ओला कचरा घरीच जिरवला तर ठेकेदाराचं उत्पन्न घटतं. ज्या गोष्टीने मिथेन कमी होतो त्याच गोष्टीने बिल कमी होतं, आणि करार लिहिताना हे कोणाच्या लक्षात येत नाही असं मी तरी मानत नाही.

दुष्काळी गावातला खड्डा

आमची बत्तीस घरांची सोसायटी. कोंडीच्या दुसऱ्या महिन्यात आम्ही मागच्या बाजूला विटांचे दोन हौद बांधले. पहिला महिना नामुष्कीचा गेला. नुसतं ओलं टाकत गेलो, भाजीची देठं, उरलेली आमटी, वरणभात. दहाव्या दिवशी हौदाने असा वास मारला की तळमजल्यावरच्या काकूंनी सरळ सांगितलं, ‘नारेगाव आमच्या खिडकीखाली आणलंत की तुम्ही.’ चुकत होतं ते साधं होतं. ओल्याबरोबर कोरडं हवं. कोरडं म्हणजे पालापाचोळा, आणि तो आमच्याकडे भरपूर होता. झाडलोट करणारे मामा तो रोज सकाळी कोपऱ्यात गोळा करून पेटवून द्यायचे. पेटवणं बंद केलं, कडुनिंबाची पानं हौदाशेजारी साठवली, ओल्याच्या प्रत्येक थरावर पाल्याचा थर. वास चार दिवसांत गेला.

नंतरची अडचण पुस्तकांत वाचलेली नव्हती. खत कुजायला पन्नास-साठ टक्के ओल लागते आणि एप्रिल-मेमध्ये इथे सकाळी शिंपडलेलं पाणी दुपारी उडून जातं. शहराला पाणी येतं जायकवाडीतून आणि नळ कित्येक दिवसांनी एकदा सुटतो. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला, ऑक्टोबरअखेर राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं ते जेमतेम दोन वर्षांपूर्वी. अशा मुलखात ‘खड्ड्यात पाणी शिंपडा’ म्हणायची माझी जीभ रेटेना. शेवटी घराघरांतल्या पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी आणि तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी एका पिंपात जमवायचं ठरलं. हौदावर गोणपाट आलं. तिसऱ्या महिन्यात चहाच्या चोथ्यासारखं, पावसानंतरच्या मातीचा वास असलेलं खत हाताला लागलं.

घरटी दिवसाला अर्धा किलो ओला कचरा धरला तर आमचा वर्षाचा पावणेसहा टनांच्या आसपास होतो. वरच्या गणिताने आम्ही वर्षाला साडेपाच टन कार्बन डायऑक्साइडइतका ताप टाळतो. शहराच्या मानाने हे नखाएवढंही नाही. पण त्यासाठी ना ट्रक लागला, ना वीज, ना निविदा.

आणि ते खत शेतात गेलं तर दुसरं काम सुरू होतं. मराठवाड्याची काळी माती ओल धरते म्हणून आपण तिचं कौतुक करतो, पण वर्षानुवर्षं काडीकचरा पेटवून आणि शेणखत तोडून तिच्यातला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत राहणारा कार्बन, बऱ्याच शेतांत अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेला आहे. कर्ब घटला की माती भुसभुशीत राहत नाही, पाऊस मुरण्याऐवजी वाहून जातो आणि पंधरा दिवसांची उघडीप पडली की सोयाबीन माना टाकतं. शहर शेतातून भाजी आणि धान्याच्या रूपाने कर्ब उचलतं आणि डेपोत पुरून त्याचा मिथेन करतं. तोच परत शेतात गेला तर पावसाच्या खंडात पिकाला चार दिवस जास्त तग धरता येतो. दुष्काळी भागात कचऱ्याचं व्यवस्थापन हा शेतीचा विषय आहे, पण कृषी विभाग आणि पालिका एका टेबलावर बसलेले मी पाहिलेले नाहीत.

आता पाऊस येतो तोही बेभरवशाचा. महिनाभर कोरडं, मग दोन दिवसांत महिन्याचा. सप्टेंबर २०२५मध्ये बीड, धाराशिव, लातूर, जालना या भागांत काय झालं ते ताजं आहे. अशा पावसात उघड्या डेपोतून एका रात्रीत जेवढं काळं पाणी ओढ्याला लागतं, तेवढं एरवी वर्षभरात लागत नसेल. गटारात अडकलेल्या पिशव्यांनी नाला तुंबतो आणि पाणी वस्तीत शिरतं, तेही आधी नाल्याकाठच्या पत्र्याच्या घरांत. उन्हाळ्यात याच्या उलट. पारा बेचाळीसवर आणि ढिगाच्या पोटात मिथेन. ठिणगी पडली की आग वरून विझलेली दिसते, आत धुमसत राहते. मुंबईत देवनारला जानेवारी २०१६मध्ये आणि कोचीत ब्रह्मपुरमला मार्च २०२३मध्ये हेच झालं, शहरं दिवसचे दिवस धुरात होती. मराठवाड्यातल्या छोट्या नगरपालिकांचे डेपो त्यांच्या शतांशानेही मोठे नसतात, पण तिथे अग्निशमनाची एकच गाडी असते आणि मे महिन्यात तिच्यात भरायला पाणी शोधावं लागतं.

जुने ढीग उकरून, वाफे करून, पलटून, चाळून मोकळे करण्याच्या कामाला सगळे बायोमायनिंगच म्हणतात. १ ऑक्टोबर २०२१ला सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात त्यासाठी निधी आहे. काम उपयोगाचं आहे, कारण उकरलेल्या कचऱ्याला हवा मिळते आणि मिथेनचं चक्र तुटतं. फक्त एका बाजूने जुना ढीग चाळायचा आणि दुसऱ्या बाजूने रोजचा मिश्र कचरा आणून ओतायचा, हे मी एकाहून अधिक गावांत पाहिलं आहे. त्याला काय म्हणावं ते कळत नाही.

पत्रा

घंटागाडीत दोन कप्पे असतात, मधे पत्रा. हिरव्या बाजूला ओला, निळ्या बाजूला सुका. तरीही ‘आम्ही वेगळा देतो, तो गाडीत एकत्र करतो’ ही तक्रार सगळीकडे. आमच्याकडेही भांडण झालं. काकूंनी गाडीवाल्याला थांबवलं.

‘काकू, तुम्ही वेगळं देता, म्या वेगळं घेतो,’ तो म्हणाला. ‘पण चौथ्या गल्लीतच सुक्याचा कप्पा काठोकाठ भरतोय. पुढच्या आठ गल्ल्यांचं सुकं कुठं ठेवू, सांगा की तुम्हीच.’

मी गाडीजवळ जाऊन आत पाहिलं. निळी बाजू खोकी, बाटल्या, थर्माकोलने ओसंडत होती. हिरव्या बाजूला तळाशी वीतभर भाजीची देठं. मला स्वतःचीच लाज वाटली. ‘निम्मा ओला, निम्मा सुका’ हे मी इतकी वर्षं वर्गात सांगत आलो होतो. ते वजनाने. आकारमानाने सुका कचरा ओल्याच्या तीन-चार पट जागा खातो. पत्रा ज्याने बरोब्बर मधोमध बसवला त्याने वजनाचं गणित जागेला लावलं होतं, आणि त्या चुकीमुळे पाचव्या गल्लीपासून पुढे सगळा कचरा मिश्र होत होता. केंद्रावर जाऊन तो खत व्हायला नालायक ठरत होता. चाळीस किलो मिथेन की चार, हे ठरत होतं त्या पत्र्यापाशी.

‘सर, पत्रा सरकवून देता का?’ त्याने विचारलं.

मी दोन अर्ज केले. गाडी ठेकेदाराची, तिच्यात बदल करायचा तर करारात तशी तरतूद नाही, असं तोंडी उत्तर मिळालं. लेखी काही आलं नाही. पुढच्या आठवड्यात तो खताची रिकामी पोती घेऊन आला आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना तारेने चार बांधली. एकात बाटल्या, एकात पुठ्ठा, दोनांत बाकीचं सुकं. शेवटच्या गल्लीत एक बाई तिच्या पोत्यासकट उभी असते, तिला तो बाटल्या आणि पुठ्ठा उतरवून देतो. दोघांत काय हिशेब आहे ते मी विचारलेलं नाही. हिरव्या कप्प्यात आता ओलंच असतं. पावसाळ्यात पुठ्ठा भिजतो म्हणून त्याने परवा काकूंकडे जुनी छत्री मागितली.